परीक्षा परतली, पाचवीचे काय?

ऑक्टोबर २०२५मध्ये राज्य सरकारने शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला नेली. २०१६-१७पासून ती पाचवी आणि आठवीला होती. नेताना कारण दिले होते शिक्षण हक्क कायद्याचे. परत आणताना कारण दिले विद्यार्थिसंख्येचे. सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंतच आहेत, त्यामुळे परीक्षेला बसणारी मुले घटली, असे सांगितले गेले. २०२५-२६ या एका वर्षापुरती चारही इयत्तांची परीक्षा आणि पुढे फक्त चौथी-सातवीची, असा हा निर्णय.

यातले दुसरे कारण नीट वाचायला हवे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. पहिली ते आठवी हे प्राथमिक शिक्षण, त्यात पहिली ते पाचवी हा एक टप्पा आणि सहावी ते आठवी हा दुसरा, अशी रचना त्याने घालून दिली. जुनी उतरंड तीन पायऱ्यांची होती. चौथीपर्यंत प्राथमिक, सातवीपर्यंत उच्च प्राथमिक, पुढे माध्यमिक. नव्या रचनेत आठवीपर्यंतचे शिक्षण एकसंध आणि त्यापुढे माध्यमिक. पंधरा वर्षांनी सरकार सांगते की शाळा चौथीपर्यंतच आहेत.

या शाळा कोणाच्या? जिल्हा परिषदांच्या आणि महापालिका-नगरपालिकांच्या. त्या पाचवीपर्यंत वाढवायची जबाबदारी कोणाची होती? ज्यांनी परीक्षा हलवली त्यांचीच.

परीक्षा चौथीला आली हे मुलांच्या सोयीचे झाले, यात वाद नाही. चौथीच्या बाई आणि गुरुजी ही परीक्षा स्वतःची मानत आले. डिसेंबर उजाडला की शाळा भरण्याआधी जादा तास. रविवारी सराव प्रश्नपत्रिका. परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या गावी मुलांना घेऊन जायचे, तर पदरचे पैसे घालून जीप ठरवायची. निकाल लागला की व्हरांड्यातल्या ‘शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी’ या फलकावर पांढऱ्या रंगात नाव चढायचे. १९५४-५५पासून चालत आलेल्या या परीक्षेने जिल्हा परिषदेच्या शाळेला गावात मान मिळवून दिला. परीक्षा पाचवीला गेली आणि चौथीपर्यंतच्या शाळांतल्या या फलकांवर नवे नाव लागायचे थांबले. ज्याचे नाव लागायचे ते मूल दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेले असे. आता फलक पुन्हा भरतील. भरायलाच हवेत.

पण मग ती सगळी वर्षे पाचवीच्या मुलांना या परीक्षेला कोणी बसवायचे होते? सरकारने परीक्षा पाचवीला नेली तेव्हा तो वर्ग कुठे भरतो, त्याला कोण शिकवते, त्याच्या निकालाची लाज किंवा अभिमान कोणाला, हे विचारलेच नाही. उत्तर आकडेवारीतून मिळाले. मुले घटली, कारण पाचवीचा वर्ग कोणाचाच नव्हता. आणि आज परीक्षा तिथून काढून घेतल्यानंतरही तो कोणाचाच नाही.

हा वर्ग अनेक ठिकाणी हायस्कूलमध्ये भरतो. हायस्कूल पाचवी ते दहावीचे. तिथल्या पाचवीला शिकवणारे शिक्षक डी.एड.चे, म्हणजे प्राथमिकचे. मुख्याध्यापकांची नजर दहावीच्या निकालावर. संस्थेची नजर पटावर. जिल्हा परिषदेत प्राथमिकचे शिक्षणाधिकारी वेगळे आणि माध्यमिकचे वेगळे. पाचवीचे मूल कायद्याने प्राथमिकचे, पण त्याची शाळा माध्यमिकच्या टेबलावर. केंद्रप्रमुख केंद्रातल्या प्राथमिक शाळा फिरतात, मुलांना वाचायला लावून पाहतात. हायस्कूलची पाचवी त्यांच्या वाटेत येत नाही. माध्यमिकची तपासणी होते तेव्हा चर्चा असते दहावीची आणि प्रयोगशाळेची. पाचवीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी येते का, हे कोण पाहणार?

मूल जूनमध्ये नव्या शाळेत येते. दहा वर्षांचे असते. चार वर्षे एका शिक्षकाने त्याला ओळखलेले असते. कोण अडखळते, कोणाच्या घरी दिव्याखाली अभ्यास होत नाही, कोणाची आई ऊसतोडीला गेली की मूल आजीकडे राहते, हे त्यांना माहीत असते. दाखल्यावर यातले काही लिहून येत नाही. दाखल्यावर येते जन्मतारीख, जात, प्रगती ‘समाधानकारक’ आणि वर्तणूक ‘चांगली’. नव्या सरांसमोर पाच-सहा शाळांतून आलेली मुले एका तुकडीत बसलेली असतात. पहिली चाचणी होईपर्यंत दिवाळी जवळ येते. मग शिक्षकांच्या खोलीत ठरलेले वाक्य ऐकू येते की मुले खालूनच कच्ची आली. खालच्या शाळेत विचारावे तर तिथले म्हणतात, आमच्याकडून गेली तेव्हा वाचत होती. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. मधल्या मधे एक वर्ष जाते, आणि त्याचा जाब कोणाला विचारता येत नाही.

आता यावर आणखी एक ओझे आले आहे. २०२३मध्ये राज्याने नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाले तर पुनर्परीक्षा. त्यातही नापास झाले तर त्याच वर्गात. म्हणजे पहिलीपासून चौथीपर्यंत न अडवता वर आलेले मूल पहिल्यांदा अडवले जाणार ते पाचवीत. नव्या शाळेतल्या पहिल्याच वर्षी, आणि दहा महिन्यांपूर्वी त्याचे नावही माहीत नसलेल्या शिक्षकांच्या हातून. ज्या शाळेने त्याला चार वर्षे शिकवले तिला या निकालाची झळ नाही. ज्या शाळेत ते नापास होईल तिला पाया घालायची संधी मिळालेली नाही. पास-नापासाचा उंबरठा पाचवीला ठेवायचा असेल तर पाचवीपर्यंतची पाच वर्षे एका शाळेची असायला हवीत, ही यातली साधी अट आहे. कायद्याने टप्पाही पाचवीलाच संपवला आहे. आपण उंबरठा उचलून आणला, घर जुनेच ठेवले.

नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षाही पाचवीतच द्यायची असते, कारण प्रवेश सहावीत मिळतो. ग्रामीण भागातल्या हुशार आणि गरीब मुलासाठी हे एक मोठे दार. या परीक्षेची तयारी चौथीच्या गुरुजींनी करून घ्यावी, तर मूल पुढच्या वर्षी त्यांच्याकडे नसते. हायस्कूलने घ्यावी, तर निवड झालेले मूल सहावीत हायस्कूल सोडून जाते. कोणाला त्यात रस वाटावा? तरी काही शिक्षक ही तयारी करून घेतात. त्यांच्या चांगुलपणावर रचना उभी राहू शकत नाही.

चौथीची ही रेषा आली कुठून, हेही पाहावे. मुंबई इलाख्यात मराठी चार इयत्ता झाल्या की मूल इंग्रजी शाळेत जाई. तिथे इंग्रजी पहिलीपासून इंग्रजी सातवीपर्यंत, आणि शेवटी मॅट्रिक. इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी. ज्यांना इंग्रजी शाळा परवडत नसे किंवा जवळ नसे, ते मराठी शाळेतच सातवीपर्यंत शिकून व्हर्नाक्युलर फायनलला बसत. गावोगावचे शिक्षक आणि तलाठी त्यातून आले. चौथीनंतर एक वाट साहेबाच्या कचेरीकडे आणि दुसरी गावाकडे, अशी ती विभागणी होती. १९७५मध्ये जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली परीक्षा झाली. त्याच्या आधीच, १ मे १९६२ला, जिल्हा परिषदा आल्या होत्या. इंग्रजी पाचवीच्याही आधी, पहिलीपासून सुरू झाले. चौथीची रेषा मात्र तिथेच राहिली. इंग्रज सरकारच्या सोयीची ती रेषा आज कोणाच्या सोयीची आहे?

जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. बारावे वर्ष म्हणजे साधारण सहावी. त्यांच्या नावाने योजना चालवणाऱ्या राज्यात आजही हजारो शाळा मुलाच्या हाती दाखला देतात तो दहाव्या वर्षी.

सांगणारे कमी नव्हते. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने देशभर पाच वर्षे प्राथमिक, तीन वर्षे उच्च प्राथमिक आणि दोन वर्षे माध्यमिक अशी एकसारखी रचना असावी असे म्हटले. २००९च्या कायद्याने तेच बंधन म्हणून घातले. २०२०च्या धोरणाने तिसरी ते पाचवी असा एक टप्पा आखला. महाराष्ट्राने ते धोरण राबवण्याचा शासन निर्णय एप्रिल २०२५मध्ये काढला आणि त्यात तिसरी-चौथी-पाचवी एकत्र धरल्या. पुढे सहाच महिन्यांत शिष्यवृत्ती चौथीला परत. एकाच खात्याच्या कागदांवर आज टप्पा संपतो तो पाचवीला, पास-नापास ठरते ते पाचवीला, शिष्यवृत्ती मिळते ती चौथीला, आणि शाळा संपते ती चौथीला. शेवटची ओळ तेवढी खरी आहे. बाकीच्या ओळी तिच्याशी जुळवायच्या की तिला बदलायचे, हा निर्णय पंधरा वर्षे टाळला गेला आहे.

तो का टाळला गेला, हे उन्हाळ्यात कोणत्याही गावात दिसते. चौथीचा निकाल लागायच्या आतच आसपासच्या हायस्कूलचे शिक्षक दुचाकीवरून गावात येतात. हातात चौथीच्या मुलांची यादी. उन्हातान्हात घरोघरी बसतात, पाणी घेतात, पालकांना सांगतात, “दाखला आमच्याकडेच द्या, बाकीचं आम्ही बघतो.” कुठे वह्या, कुठे गणवेश, कुठे सायकल. यात त्या शिक्षकांचा दोष शोधू नये. पट आला तर तुकडी टिकते, तुकडी टिकली तर पटावरून पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेत पद टिकते, पद गेले तर माणूस अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाच्या यादीत जाऊन कुठल्यातरी लांबच्या शाळेची वाट पाहतो. पाचवी हे हायस्कूलचे दार आहे. पाचवीत आलेले मूल दहावीपर्यंत राहते. ते दार बंद झाले की सहावीतही मूल येईलच याची खात्री नाही, कारण जिल्हा परिषदेची शाळा उद्या सहावीही मागेल. म्हणून पाचवीवर संस्थांचा जीव आहे.

अनुदानित संस्थांनी या राज्यात माध्यमिक शिक्षण खेड्यापाड्यात नेले, हे विसरता येत नाही. सरकार पोहोचले नव्हते तिथे त्यांनी लोकवर्गणीतून खोल्या बांधल्या. त्यांच्या शिक्षकांच्या नोकऱ्यांची काळजी सरकारने करायलाच हवी. पण ती काळजी एका दहा वर्षांच्या मुलाचा दाखला पणाला लावून का करायची? शिक्षकाचे पद टिकवायचे असेल तर ते पटाशी न बांधता टिकवता येते. सरकारने सोपा मार्ग निवडला. प्राथमिक शाळेला पाचवी जोडण्याचे आदेश वेळोवेळी निघाले, त्यात अंतराच्या आणि पटाच्या अटी आल्या. एक किलोमीटरच्या आत पाचवीचा वर्ग आधीच असेल तर नवा जोडायचा नाही, ही त्यातली मोठी अट. काही जिल्हा परिषदांनी पाचवीचे वर्ग उघडलेही. बहुतेक ठिकाणी मात्र आदेश निघाला आणि फाइलला लागला.

अंतराची अट वरवर शहाणपणाची वाटते. हायस्कूल गावातच असेल तर मुलाने एक फाटक सोडून दुसऱ्या फाटकातून आत जायचे, त्यात कसला त्रास? त्रास पायांचा नाही हे खरे. वर सांगितलेला प्रश्न मात्र तिथेही तसाच राहतो. पाच वर्षांच्या शिक्षणाला एक मालक नाही. आणि जिथे हायस्कूल गावात नाही, तिथे तर पायांचाही त्रास आहे. कायद्याच्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी असे ठरवले आहे. वाडी, तांडा आणि पाड्यावरचे मूल हे एक किलोमीटरचे आश्वासन चौथीला गमावते, पाचवी पास व्हायच्या एक वर्ष आधी.

इथे एक छोटा कागद पाहण्यासारखा आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाने एसटीचा मोफत पास मुलींना मिळतो. योजना चांगली आहे. हजारो मुली तिच्यामुळे शिकल्या. हा पास सुरू होतो पाचवीपासून. म्हणजे मुलगी पाचवीला गाव सोडते, हे एसटीला ठाऊक आहे. कायदा सांगतो की पाचवी घराजवळ हवी. परिवहन खाते त्याच पाचवीसाठी तिला बसमध्ये बसवते, आणि तिच्या दृष्टीने परिवहन खातेच वास्तवाला धरून आहे. बस सकाळची चुकली तर दिवस बुडाला. संध्याकाळची उशिरा आली तर आई फाट्यावर उभी. दहाव्या वर्षी हे सुरू झाले की घरातले कोणीतरी एक दिवस म्हणते, एवढं लांब कशाला. वर्षभर उशिरा सुरू झाले असते तर मुलगी वर्षभराने मोठी असती, पाचवी पास झालेली असती, आणि घरच्यांचा धीर थोडा वाढलेला असता. एका वर्षाने काय होते, असे म्हणणाऱ्यांनी हे वर्ष कोणत्या वयातले आहे ते पाहावे.

पाचवी गावच्या शाळेत आणा, एवढे म्हणून भागणार नाही, हेही मान्य करू. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. समजा चौथीपर्यंतच्या शाळेत चाळीस मुले आणि दोन शिक्षक आहेत. पाचवी आली, पट पन्नास झाला. शिक्षक दोनच राहिले. चार वर्ग दोघांत वाटलेले होते, आता पाच वर्ग. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी, चौथी आणि पाचवी. पाचवीचे गणित फळ्याच्या एका कोपऱ्यात. त्यात एका शिक्षकाला मतदार यादीचे काम निघाले तर पाचही वर्ग एकाकडे. अशी पाचवी मिळणार असेल तर पालक मुलाला हायस्कूललाच घालतील, आणि त्यांचे चुकणार नाही.

म्हणून पाचवीबरोबर तिचा शिक्षक आला पाहिजे. तो नवा शोधायचा नाही. हायस्कूलमध्ये पाचवीला शिकवणारे डी.एड. शिक्षक आहेतच. त्यांचे पगारही सरकारच देते. मुले गेली की आज ते अतिरिक्त ठरतात. त्याऐवजी वर्गाबरोबर त्यांना प्राथमिक शाळेत आणता येईल. सेवाशर्ती वेगळ्या आहेत, ज्येष्ठतेचे प्रश्न येतील, संस्था न्यायालयात जातील. हे सगळे सोडवण्यासाठीच मंत्रालय असते. पंधरा वर्षांत ते सोडवायला बसायला हवे होते.

प्रत्यक्षात वारे उलटे वाहिले. १५ मार्च २०२४च्या संचमान्यतेच्या निर्णयाने सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असतील तर तिथे शिक्षकाचे पदच मिळणार नाही अशी स्थिती आणली. शिक्षक रस्त्यावर उतरले. आठवीपर्यंत वाढवायच्या शाळांची सातवीच जड झाली. आठवीचे दुखणे पाचवीसारखेच आहे, फक्त तिथे मूल तीन वर्षांनी मोठे असते. एका हाताने वर्ग जोडा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने शिक्षक काढून घ्यायचा, अशा कारभारात कोणती जिल्हा परिषद नवा वर्ग उघडण्याचे धाडस करील? पटसंख्या कमी म्हणून वर्ग नाही, वर्ग नाही म्हणून मुले दुसरीकडे जातात, आणि मुले दुसरीकडे गेली म्हणून पटसंख्या कमी. लहान शाळा अशाच आटत जातात. पालकही हुशार असतात. मूल चौथीनंतर बाहेर पाठवायचेच आहे, तर पहिलीपासूनच तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत का बसवू नये, असा विचार ते करतात. चौथीला संपणारी शाळा त्यांना अर्धी शाळा वाटते. ती आहेही अर्धी.

हायस्कूलमध्ये पाचवीला विषयवार शिक्षक मिळतात, मैदान मिळते, मोठ्या मुलांची संगत मिळते, असे एक म्हणणे नेहमी ऐकू येते. मैदानाचे खरे आहे. विषयवार शिक्षकांची गरज मात्र सहावीपासून पडते, आणि कायद्यानेही गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांसाठी वेगळे शिक्षक सहावी ते आठवीला मागितले आहेत. पाचवीच्या मुलाला गरज असते ती त्याला रोज पाहणाऱ्या एका शिक्षकाची. पंधराशेच्या शाळेत हे मूल सगळ्यांत लहान असते. गावच्या शाळेत ते सगळ्यांत मोठे असेल. परिपाठाला पुढे उभे राहील, पहिलीच्या पोरांना ओळीत लावील, पोषण आहाराच्या वेळी वाढायला उभे राहील. त्या वर्षात मूल अंगाने आणि मनाने केवढे भरून येते, हे ज्यांनी पाचवीपर्यंतची शाळा चालवली आहे त्या शिक्षकांना विचारावे.

शिष्यवृत्ती चौथीला आणण्याच्या निर्णयावर म्हणूनच समाधान मानून थांबता येत नाही. तो निर्णय घेताना सरकारने शाळा चौथीपर्यंतच असल्याचे मान्य केले. मान्य केलेली गोष्ट बदलायची तयारी त्या निर्णयात कुठे दिसत नाही. उलट भीती अशी की चौथीला परीक्षा आली, यशस्वी मुलाला वर्षाला ५,००० रुपये मिळू लागले, फलक पुन्हा रंगले, की चौथीची रेषा आणखी पक्की होईल. मग पाचवीचा विषय काढणाऱ्याला सांगितले जाईल की रचना आता बसली आहे, पुन्हा का विस्कटायची.

मागणी मोठी नाही. कोणत्या शाळा चौथीला संपतात, त्यांतली मुले पाचवीला कुठे जातात, ती शाळा किती अंतरावर आहे, ही माहिती केंद्रप्रमुखांपासून संचालकांपर्यंत सगळ्यांकडे आहे. शाळांची माहिती दरवर्षी यूडायस या सरकारी नोंदणीत भरली जाते. तालुकावार ती यादी जाहीर करा. तिच्यात प्रत्येक शाळेपुढे दोन गोष्टी लिहा. इथे पाचवी कोणत्या जूनमध्ये सुरू होणार, आणि तिला शिकवायला कोण येणार. जिथे खरोखर शक्य नाही तिथे तसे लिहा, आणि मग त्या मुलांच्या पाचवीची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची तेही लिहा. सध्या २०२०च्या धोरणाची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे आणि वेळापत्रकात पाचवीचा क्रम २०२७-२८ला आहे. नवी पुस्तके त्या जूनमध्ये येतील. ती कोणत्या वर्गखोलीत उघडली जाणार, हे त्याआधी ठरायला हवे.

शाळा व्यवस्थापन समित्यांनीही आता गप्प बसू नये. चौथीचा निकाल हाती येण्याआधी समितीची बैठक घ्या, पाचवीचा वर्ग मागणारा ठराव लिहा, शिक्षकाच्या पदासह मागा, आणि त्याची पोच घ्या. घराजवळ शाळा देण्यासाठी कायद्याने सरकारला तीन वर्षे दिली होती. ती मुदत ३१ मार्च २०१३ला संपली.